पत्रा आणि कागद

मोटारीतले मला फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करतो. आयुष्यात एकच मोटार घेतली, मारुती आठशे. तीही बँकेच्या कर्मचारी कर्जातून. तिचे बॉनेट मी स्वतः उघडले असेल ते पाच-सहा वेळा, तेही रेडिएटरमध्ये पाणी ओतण्यापुरते. अशा माणसाला अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या मोटारीच्या खरेपणाबद्दल कुणी सल्ला विचारील, असे कधी मनातही आले नव्हते. पण दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये लेकीकडे मिशिगनला गेलो असताना नेमके तेच घडले. तेव्हापासून तो प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहितो आहे.

लेकीच्या शेजारी एक आजीबाई राहत. वय ऐंशीच्या पुढे. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता. त्याने सारी हयात पॉन्टियाक शहरातल्या मोटार कारखान्यात काढली होती. निवृत्तीच्या आधी त्याने एका शेतकऱ्याच्या कोठारात पडलेली १९६५ सालची पॉन्टियाक गाडी विकत घेतली आणि अकरा वर्षे घरच्या गॅरेजमध्ये खपून ती नवी केली. गडद निळा रंग, लखलखते क्रोम, पुढच्या जाळीवर आणि मागच्या बाजूला तीन अक्षरे : जी. टी. ओ. आता आजींना एकटीने घर सांभाळणे जमत नव्हते. वृद्धांच्या सेवाकेंद्रात जागा घ्यायची होती आणि त्यासाठी गाडी विकायची होती. आमचे जावई मोटार कंपनीत इंजिनियर. तेव्हा आजींनी त्यांना मदत मागितली. जावई मला म्हणाले, "बाबा, तुम्हीही चला. तारण तपासण्यात तुमची हयात गेली आहे."

आता ही गाडी म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. अमेरिकेत हिला 'मसल कार' म्हणतात. आकाराने मध्यम, किमतीने तरुणाच्या आवाक्यातली आणि इंजिन मात्र भल्या मोठ्या गाडीचे. या जातीची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियाक जी. टी. ओ. पासून धरतात. जनरल मोटर्स कंपनीचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५.४ लिटरपेक्षा, मोठे इंजिन बसवायचे नाही. पॉन्टियाक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचे इंजिन त्या गाडीत बसवून पाहिले आणि गाडी वाऱ्यासारखी पळू लागली. माझ्या मारुतीचे इंजिन ७९६ सी. सी. चे, म्हणजे तशी आठ इंजिने एकत्र केली की हे एक इंजिन होते.

पण नियमाचे काय? त्यावर या मंडळींनी काढलेली युक्ती आमच्या बँकेतल्या एखाद्या मुरलेल्या हेडक्लार्कला शोभावी अशी होती. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जादा सामानाला नव्हे. म्हणून त्यांनी जी. टी. ओ. हे नवे मॉडेल काढलेच नाही. 'टेंपेस्ट ल माँ' या साध्या गाडीवर सुमारे २९५ डॉलर जादा भरले की मिळणारे एक पॅकेज, एवढेच त्याचे अधिकृत स्वरूप ठेवले. पहिल्या वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या, दुसऱ्या वर्षी ७५,३४२. एवढा खप झाल्यावर नियमाची आठवण कोण काढणार? १९६६ साली जी. टी. ओ. ला स्वतंत्र मॉडेलचा दर्जा मिळाला.

नावसुद्धा उसनेच होते. 'जी. टी. ओ.' हे फेरारीच्या शर्यतीच्या गाडीचे नाव. पॉन्टियाकने ते सरळ उचलले. आणि १९६४ साली एका प्रसिद्ध मोटार-मासिकाने ज्या चाचणीत या गाडीचा वेग गाजवला, त्या चाचणीतल्या गाडीत ३८९ चे नव्हे तर गुपचूप ४२१ घनइंचांचे इंजिन बसवले होते, हे पॉन्टियाकच्या जाहिरातीची सूत्रे हलवणाऱ्या जिम वँगर्स यांनीच पुढे कबूल केले. म्हणजे आज जिच्या खरेपणावरून एवढा काथ्याकूट चालतो, तिच्या कीर्तीचा पायाच थोडा लबाडीचा. मला याची गंमत वाटते. मोठ्या घराण्यांच्या वंशावळी तपासल्या तरी असेच काहीतरी सापडते.

हा बहर फार टिकला नाही. विम्याचे हप्ते भडकले, १९७० साली हवाशुद्धीचा कायदा आला, १९७३ साली तेलाचे संकट आले आणि मोठ्या इंजिनांचे दिवस संपले. गाड्या गंजल्या, भंगारात गेल्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्रा खाऊन टाकते. मग तेव्हाची पोरे पन्नाशीला पोचली, हातात पैसा आला आणि तरुणपणी जी गाडी परवडली नव्हती ती आता हवीशी झाली. १९७१ सालच्या उघड्या टपाच्या 'हेमी कूडा' गाड्या कारखान्यातून जेमतेम डझनभर निघाल्या. त्यांतली एक २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. अशी किंमत आली की तिच्यापाठोपाठ सोंगे येणारच.

सोंग करणे १९६५ च्या जी. टी. ओ. च्या बाबतीत फारच सोपे, आणि त्याचे कारण वरच्या युक्तीतच आहे. ते मॉडेलच नसल्यामुळे गाडीच्या क्रमांकातून ते कळत नाही. साधी ल माँ असो की जी. टी. ओ., दोघींचा क्रमांक २३७ नेच सुरू होतो. १९६६ पासून जी. टी. ओ. चा क्रमांक २४२ ने सुरू होऊ लागला. त्यामुळे तिथे लबाडी चटकन पकडता येते. पण त्याआधीच्या दोन वर्षांच्या गाड्यांच्या क्रमांकात अशी जन्मखूण नाही. भंगारातून योग्य इंजिन आणा, तीन अक्षरे चिकटवा, झाली जी. टी. ओ.

तपासणीसाठी जावयांनी एक जाणकार बोलावला. साठीचा, तेलकट नखांचा, मितभाषी माणूस. त्याने खिशातून पहिल्यांदा काय काढले असेल? लोहचुंबक. आमच्या शाखेतले सराफ जसा कसोटीचा दगड काढत, तसा. ते चुंबक त्याने फडक्यात गुंडाळून चाकांच्या वरच्या कमानींवरून आणि दारांच्या तळाशी फिरवले. पत्रा असेल तिथे ते धरते. गंज कापून पुट्टी भरलेली असेल तिथे निसटते. मग रंगाची जाडी मोजणारे एक छोटे यंत्र आले. मग तो माणूस चक्क डिकीत शिरला आणि विजेरी घेऊन पत्र्याची आतली बाजू पाहू लागला. बाहेरून अक्षरे बदलता येतात, पण जुन्या अक्षरांसाठी पाडलेली भोके बुजवली तर आतून वण राहतो, असे त्याने मला नंतर समजावले.

इंजिनाकडे तो शेवटी वळला. ब्लॉकवर दोन अक्षरी सांकेतिक खूण असते. ती बरोबर होती. सिलिंडरच्या हेडवर ७७ आकडा हवा, तोही होता. ओतकामाच्या तारखाही जुळत होत्या. गाडी बनण्याच्या आधीच्या, पण फार आधीच्या नव्हेत. जावयांचा चेहरा खुलला. जाणकार मात्र म्हणाला, "इंजिन खरं जी. टी. ओ. चंच आहे. पण ते या गाडीचं आहे का, हे इंजिन सांगू शकत नाही." पॉन्टियाकच्या इंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकण्याची पद्धत १९६८ च्या मॉडेलपासून आली. आणि जिथे तो क्रमांक असतो तिथेही जुना घासून नवा ठोकणारे कारागीर आहेतच. म्हणून तज्ज्ञ नुसते आकडे वाचत नाहीत. आकड्यांखालच्या धातूवर कारखान्यातल्या यंत्राचे मूळ बारीक ओरखडे शाबूत आहेत की नाहीत, ते भिंगातून पाहतात. खाडाखोड केलेला सात-बाराचा उतारा उजेडासमोर धरून पाहण्याची आमची जुनी सवय मला आठवली.

"मग निकाल कशावर लागणार?" मी विचारले.

"कागदावर," तो म्हणाला.

पॉन्टियाक हे नाव २०१० साली बंद पडले, पण कारखान्याने प्रत्येक गाडी डीलरकडे धाडताना केलेल्या बिलांच्या नोंदी शिल्लक आहेत. 'पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' नावाची संस्था त्या नोंदींची नक्कल पुरवते. फोर्डच्या गाड्यांसाठी असाच 'मार्टी रिपोर्ट' मिळतो. क्रायस्लरच्या गाड्यांत तर कारखान्यातला जोडणीचा तक्ता मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. उंदरांनी कुरतडलेला तो तक्ता सापडला की गाडीची किंमत क्षणात चढते. तेव्हा क्रमांक पाठवायचा, शुल्क भरायचे आणि वाट पाहायची. त्या २९५ डॉलरच्या पॅकेजची नोंद बिलात असली तर गाडी जी. टी. ओ., नसली तर नाही.

आणि इथेच खरी पंचाईत झाली. गावातला एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आजींकडे आधीच येऊन गेला होता. त्याने खऱ्या जी. टी. ओ. च्या जवळपासची रक्कम देऊ केली होती, एकाच अटीवर : असा कागद मागवायचा नाही. "तुम्ही कुणाला खोटं सांगत नाही," तो त्यांना म्हणाला होता. "तुम्हाला ठाऊकच नाही. आणि मीही विचारत नाही." जावयांच्या हिशोबाने, कागद विरुद्ध गेला तर गाडीची किंमत जवळजवळ निम्म्यावर येणार होती. त्या फरकात आजींचे सेवाकेंद्रातले वर्ष-दीड वर्ष सहज निघाले असते.

आजींनी मला विचारले, "तुम्ही बँकेत होतात. तुम्ही काय केलं असतं?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते, पण ते अभिमानाने सांगण्यासारखे नव्हते. पूर्वी एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ सोन्याच्या बांगड्या तारण ठेवायला आले. आमच्या सराफांनी कस लावला, कस उत्तम. तरी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, वजन हाताला बरोबर लागत नाही. एक बांगडी कापून पाहू का?" मी म्हणालो, "अहो, घराण्यातली बांगडी आहे. कापायची कशी? माणूस कोण आहे बघा." कर्ज थकले, बांगड्या लिलावात काढायची वेळ आली आणि कापल्यावर आत तांबे निघाले. सोन्याचा जाड पत्रा वरून चढवलेला. कसोटीच्या दगडाला तेवढाच दिसला होता. सराफांचे बँकेचे काम गेले. माझी फक्त बदली झाली. मी खोटे काही बोललो नव्हतो; फक्त विचारायचे टाळले होते. त्या माणसाचा शांत चेहरा मला अजून दिसतो.

ही हकिगत मी आजींना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितली. कागद मागवा असे मी म्हणालो नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता, कारण किंमत त्यांना मोजायची होती. एवढेच म्हणालो की व्यापारी ही गाडी पुढे ज्याला विकेल, तो कदाचित तुमच्या नवऱ्यासारखाच कुणी कारखान्यातला माणूस असेल, जन्माची पुंजी घेऊन आलेला.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग टेबलाच्या खणातून चेकबुक काढून त्यांनी त्या नोंदीचे शुल्क भरले.

कागद आला. गाडी साधी ल माँ होती, ३२६ घनइंचांच्या इंजिनाची. जावयांनी तो वाचून दाखवला तेव्हा मला वाटले, बाई कोसळतील. पण त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, "तो नेहमी म्हणायचा, ही माझी जी. टी. ओ. आहे. 'माझी' या शब्दावर जोर देऊन म्हणायचा. मला आत्ता कळलं." ज्या माणसाने आयुष्यभर अशाच गाड्या जोडल्या, त्याला २३७ चा अर्थ आणि बिलाची गोष्ट ठाऊक नसेल? त्याने फसवण्यासाठी काही केले नव्हते. त्याला विकत घेणे परवडले नाही ते त्याने हाताने बनवले होते. खोटेपणा गाडीत नव्हताच. तो आला असता तो व्यवहारात, विक्रीच्या दिवशी.

या शौकातले लोक अशा गाडीला 'क्लोन' म्हणतात. जरा सौम्यपणे बोलायचे तर 'ट्रिब्यूट', म्हणजे मानवंदना. उघडपणे सांगून विकलेली मानवंदना हा प्रामाणिक सौदा आहे. न सांगता विकली तर ती फसवणूक, आणि गाडीचा क्रमांकच बदलला तर अमेरिकेत तो १९८४ च्या कायद्यान्वये संघराज्याचा गुन्हा. तिन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर तुम्हा-आम्हाला फरक दिसणार नाही. फरक फक्त सांगण्यात आहे.

मग कुणी विचारील की डोळ्यांना, कानांना, बुडाखालच्या सीटला जो फरक कळत नाही, त्याला दुप्पट पैसे का मोजायचे? हा प्रश्न मीही जावयांना विचारला होता. आता मला वाटते, उत्तर सोपे आहे. जे पुन्हा बनवता येते त्याची किंमत मजुरीएवढी. जे पुन्हा बनवता येत नाही त्याची किंमत वेगळी. १९६९ च्या कॅमॅरो गाडीचा अख्खा सांगाडा आज नवा कोरा बनून मिळतो. रंग, काचा, गाद्या, बोधचिन्हे, सारे मिळते. प्रदर्शनात मांडायच्या गाड्यांवर तर कारखान्यातल्या तपासनिसाने तेव्हा ओढलेल्या खडूच्या रेघासुद्धा हुबेहूब पुन्हा ओढतात. एकच वस्तू नवी बनत नाही : घडून गेलेली गोष्ट. अमुक दिवशी, अमुक कारखान्यातून, अमुक सामानासह ही गाडी बाहेर पडली, ही घटना. किंमत तिची असते आणि कागद तिचा साक्षीदार असतो.

म्हणूनच 'बुलिट' या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्क्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग मला सगळ्यांत बोलकी वाटते. १९७४ साली ती एका कुटुंबाने विकत घेतली. घरातली बाई शिक्षिका. ती त्याच गाडीने शाळेत जाई. १९८० च्या सुमाराला क्लच गेला आणि गाडी पडून राहिली. कुटुंबाने तिला नवी केलीच नाही. रंग उडालेला, पत्र्याला पोचे, चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यासाठी खाली जोडलेल्या पट्ट्या तशाच. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात तिच्यावर ३४ लाख डॉलरची बोली पडली. कुणी हौशीने तिला चकचकीत रंगवली असती, तर त्या रंगाखाली सारी गोष्टच पुरली गेली असती.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द आहे, आणि तो पुण्याचा मानला जातो. पण आपण जीर्णोद्धार करतो म्हणजे बहुधा जुन्या दगडावर ऑइलपेंट फासतो आणि नव्या फरशीवर देणगीदाराचे नाव कोरतो. मूळ काय होते, काय काढले, काय घातले, याची नोंद कुठेच नसते. मोटारींच्या बाबतीत तरी सरकारने थोडी जाग दाखवली आहे. २०२१ च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हीए' ही वेगळी नोंदणी मालिका आणली. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही तिची अट. नियम चांगला आहे. पण फेरफार झाला नाही हे ठरवणार कशावरून? आपल्या किती कारखान्यांनी, किती गॅरेजांनी साठ वर्षांपूर्वीची बिले जपली आहेत? आपण पत्रा पुजतो आणि कागद रद्दीत घालतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. घरातली जुनी वस्तू जरूर दुरुस्त करावी. आजोबांची सायकल असो, आजीचे कपाट असो, वाडा असो. त्यात नवे लाकूड घालण्यात कमीपणा नाही. पण काय बदलले, कधी बदलले, कुणी बदलले, हे एका वहीत लिहून ती वही त्या वस्तूपाशी ठेवावी. पुढच्या पिढीला आपल्या कौतुकाच्या गोष्टींपेक्षा ती वही जास्त उपयोगी पडेल. आणि विकताना त्या वहीसकट विकावी.

आजींची गाडी एका तरुण मेकॅनिकने घेतली. पुढच्या काचेला ती नोंदीची नक्कल चिकटवूनच त्यांनी गाडी दारात उभी केली होती. किंमत व्यापाऱ्याने देऊ केलेल्या रकमेच्या निम्म्याहून जराशी जास्त आली. तो व्यापारी मागून मला भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्या गोष्टीने त्या बाईला फार महागात पाडलं." मला उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही, कारण हिशोबाने तो बरोबरच होता. आजींनी नंतर लहानशी खोली घेतली, दोघींत एक.

जाण्याच्या दिवशी त्या मेकॅनिकने इंजिन चालू करून पाहिले. गल्लीतल्या काचा थरथरल्या. त्याने खाली उतरून आजींना विचारले, "ही तीन अक्षरं काढून टाकू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "ती त्याने लावली आहेत. फक्त विचारलं कुणी, तर सांगत जा."